उष्टा माईक

दुपारची जेवणं उरकून दोघी बहिणी टेम्पोने निघाल्या आणि पहिल्या वळणालाच चिमी खिडकीला डोकं टेकून झोपी गेली. ताईला हायसं वाटलं. संध्याकाळी गायचं असलं की चिमी सकाळपासून बडबडत सुटते आणि अर्धा गळा तिथेच खर्ची घालते, हे ताईला आता पाठ झालं होतं. शिवाय आजचं गाणं नेहमीचं नव्हतं. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चिमी लोकांसमोर उभी राहिली नव्हती. मधल्या काळात तिने भांडी घासताना गुणगुणणंसुद्धा सोडून दिलं होतं. आवाज परत येईल, पण ताण द्यायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. म्हणजे चिमीने गायचं हळू, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं काम ताईच्या यंत्रांचं. आज हा आवाज नीट पोचला नाही, तर चिमी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, अशी धास्ती ताईने कोणालाही न सांगता पोटात बाळगली होती.

ताई लाऊडस्पीकरवाली. सभा, नाटकं, शाळांचे कार्यक्रम, जे मिळेल ते करायची. चिमी तिशी उलटून गेलेली, तरी घरात अजून चिमीच. लहानपणी दोघींना एकाच बाईंकडे गाणं शिकायला घातलं होतं. बाईंनी थोड्याच दिवसांत थोरलीला हळूच बाजूला घेतलं, “तुझे कान फार चांगले आहेत हो,” असं सांगितलं आणि घरी पाठवून दिलं. ताई त्या दिवशी उशीत तोंड खुपसून रडली आणि मग आयुष्यभर त्या कानांवरच जगली. धाकटीचा हेवा वाटायचा का तिला? वाटायचा. चिमीने वरचा स्वर सहज, जाता जाता घेतला की ताई उठून दुसऱ्या खोलीत जायची. पण चिमीला ठेच लागली की पाणी ताईच्याच डोळ्यांत यायचं.

आई दूध द्यायची तेव्हा चिमीच्या पेल्यातला पहिला घोट ताई घ्यायची. फार गरम नाही ना हे बघायला, असं तिचं म्हणणं. साय खायला, असं चिमीचं. पुढे पेल्याच्या जागी माईक आला. कार्यक्रमाआधी ताई माईकला टेस्टर, म्हणजे वीज लागली की दिवा पेटणारा स्क्रूड्रायव्हर, लावून बघायची, मग तो स्वतःच्या ओठांना टेकवून “हं” म्हणायची आणि मगच चिमीच्या हातात द्यायची. वायरिंग बिघडलेलं असलं तर माईकची जाळी ओठांना झटका देते. बसायचाच असेल तर आधी आपल्याला बसू दे, इतका साधा हिशोब. “शी, उष्टा माईक!” असं म्हणून चिमी तो ओढणीने पुसल्यासारखं करायची आणि तसाच तोंडाशी धरायची. या दोघींचा हा रिवाज आजवर एकदाही चुकला नव्हता.

सभागृह चढावरच्या रस्त्याच्या टोकाला होतं. बरीच वर्षं कुलपात पडलेली वास्तू. आता कुणीतरी रंग लावून, खुर्च्यांना नवं कापड घालून ती पुन्हा उघडायचं मनावर घेतलं होतं. व्यवस्थापक नव्याने आलेले, टापटिपीचे गृहस्थ. त्यांना सगळे साहेब म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडत असावं. आत शिरताच ताईच्या नाकाला ताज्या रंगाचा वास आला आणि त्याच्याखाली दुसरा एक, जुन्या मखमलीचा आणि बंद कपाटाचा. उंचावर एका रांगेत खिडक्या होत्या. त्यांतून दुपारचं ऊन तिरपं येऊन खुर्च्यांवर पडलं होतं आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती की बघणाऱ्याला जांभई यावी. एक म्हाताऱ्या मावशी रांगांमधून झाडू फिरवत होत्या.

“मावशी इथल्या जुन्या,” साहेब म्हणाले. “वास्तूबरोबरच मिळाल्या म्हणा ना.” आपल्या विनोदावर ते एकटेच हसले.

ताईने रंगमंचाच्या उजव्या बाजूला, पडद्याआड, आपलं बस्तान मांडलं. लोखंडी रॅकमध्ये दोन अ‍ॅम्प्लिफायर, डाव्या स्पीकरला एक, उजव्याला एक. पेटीएवढं यंत्र, पण उचलताना कंबर हिशोब मागते. ताईने दोन्ही यंत्रं पुढून स्क्रूने आवळली, मागूनही टेकू दिला आणि दोन्हींमध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडली.

“एवढी जागा फुकट कशाला?” साहेबांनी विचारलं.

“त्याला श्वास घ्यायला. कोंडलं की तापतं, तापलं की बंद पडतं.”

मग तिने स्पीकरच्या जाड वायरी जोडल्या. लाल टोक लाल जागी, काळं काळ्या जागी, एकही तार बाहेर डोकावत नाही ना हे बोटाने चाचपून. वीज अजून कुठेच नव्हती. आधी वायरी, मग वीज. अ‍ॅम्पची दोन्ही बटणं तिने शून्यावर आणून ठेवली. चालू करताना आधी माईकचा आवाज कमीजास्त करणारा मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प. बंद करताना उलट, आधी अ‍ॅम्प आणि मग बाकीचं. हा क्रम चुकला तर स्पीकरमधून असा गचका बसतो की ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं, आणि स्पीकर जातो तो वेगळाच.

“माझ्यापेक्षा त्याच्याशी जास्त प्रेमाने वागते ही,” पहिल्या रांगेत पाय वर घेऊन बसलेली चिमी साहेबांना म्हणाली.

“तो उलटून बोलत नाही,” ताईने आतूनच उत्तर दिलं.

रॅकच्या मागच्या भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्याला एक जुना तपकिरी प्लग लटकत होता. वायर नव्हती, नुसता प्लग. ताईने तो काढून उजेडात धरला. तीन पिनांपैकी वरची जाड पिन कापलेली होती. कशीतरी तोडलेली नव्हती. करवतीने कापून, वर कानस मारून, अगदी प्रेमाने गुळगुळीत केलेली. ताईला तो हातात नकोसा झाला. तिने तो आपल्या हत्यारांच्या पेटीत तळाशी टाकला, झाकण लावलं आणि कामाला लागली.

मिक्सर चालू झाला. मग डावा अ‍ॅम्प, मग उजवा. पंखे फिरू लागले, हिरवे दिवे लागले. ताईने बटण हळूहळू वर नेलं आणि स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज आला.

जाड, खालचा, न थांबणारा. लाऊडस्पीकरवाल्यांना हा पाहुणा ओळखीचा असतो. पण त्या रिकाम्या सभागृहात, त्या पिवळ्या उन्हात, तो काही वेगळाच वाटत होता. मोठा नव्हता, पण सगळीकडे होता. ताईने मान वळवली तर चिमी डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. घुं घुं करणाऱ्या त्या आवाजात तिने आपला आवाज मिसळला होता.

“ताई, गंमत बघ,” ती डोळे न उघडताच म्हणाली. “हा बरोबर माझा सूर आहे. किती छान बसलाय…”

आणि मग ती त्या सुरावर आज म्हणायचं गाणं गुणगुणू लागली. जुनं, अंगाईसारखं, सावकाश चालीचं. लोकांना इथे पूर्वी ते फार आवडायचं म्हणून साहेबांनीच ते मुद्दाम मागून घेतलं होतं.

मावशींचा झाडू थांबला.

“हा गुणगुणाट घालवा बुवा काहीतरी करून,” साहेब आत येत म्हणाले. “पाहुणे येणार आहेत. आमचा वायरमन म्हणत होता, तिसरी पिन काढून टाकली की लगेच जातो.”

“जातो,” ताई म्हणाली. “त्याच्याबरोबर माणूसही जातो. साहेब, वीज वाट चुकली की तिला जमिनीत उतरायला ती तिसरी पिन असते. ती वाट बंद केली की मग तिला जो हात लावेल त्याच्यातून ती वाट काढते. आणि या सगळ्याला पहिला हात कोण लावणार? माझी बहीण. तोंडाने.”

साहेब वरमले आणि काहीतरी काम आठवून निघून गेले. मावशी मात्र झाडू घेऊन पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही.

“तो पण असाच बसायचा. इथंच.” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “आणि त्याची बायको गायची. हेच गाणं.”

ताईने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“फार जीव होता त्याचा तिच्या आवाजावर. त्यात हा असा घुं घुं आवाज मिसळलेला त्याला खपायचा नाही. म्हणायचा, तुझा आवाज एकदा तरी निव्वळ ऐकायचाय. मग एक दिवस काय केलं कोण जाणे, आवाज एकदम बंद. टाचणी पडली तर ऐकू यावी असं. लोक खूश. ती गायला लागली. शेवटच्या कडव्याला तिने माईक दोन्ही हातांनी धरला आणि…” मावशींनी उजव्या बाजूच्या स्पीकरकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. “ते कडवं राहिलंच.”

“आणि तो?”

“त्याला कुठलं कळतंय तेव्हा. आपलं गाणं का थांबलं म्हणून इथं बसून वायरी तपासत होता.”

ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. वाईट वाटलं ते मात्र त्या माणसाचं. कारण तो अडाणी नव्हता आणि दुष्टही नव्हता. तिच्यासारखाच एक माणूस, आपल्या माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचावा म्हणून धडपडणारा. ती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिली.

मग तिने जे करायचं ते केलं. मिक्सर एका भिंतीच्या सॉकेटला आणि अ‍ॅम्प दुसऱ्या भिंतीच्या, म्हणून घुं घुं येत होतं. तिने सगळं बंद केलं, अ‍ॅम्प आधी, आणि मग सगळ्यांच्या वायरी आपल्या एकाच बोर्डावर घेतल्या. तो बोर्ड एकाच सॉकेटला लावला, तीन धडधाकट पिनांच्या आपल्या काळ्या प्लगने. पुन्हा चालू केल्यावर आवाज दोऱ्याएवढा बारीक झाला. पूर्ण गेला नाही. कान देऊन ऐकलं तर अगदी तळाशी होता.

“एवढा राहू दे,” ती चिमीला म्हणाली. “तो आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं समज. त्याची सोबत असते.”

“मला आवडतो तो,” चिमी म्हणाली. तिचा आवाज झोपेतून बोलल्यासारखा येत होता. “ताई, मघाशी मी थांबले ना गुणगुणायची… तरी गाणं थोडा वेळ चालूच होतं. तू ऐकलंस?”

“जागा घुमते. मोकळी जागा आहे.”

“हो, तेच असेल,” चिमी म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटून बसली.

ऊन खुर्च्यांवरून सरकत भिंतीवर चढलं, तांबूस झालं आणि विझलं. खिडक्या निळ्या पडल्या. माणसं येऊ लागली, कपड्यांची सळसळ, खोकले, लहान मुलांची चुळबुळ. ताईने टेस्टर माईकच्या जाळीला लावला. दिवा लागला नाही. तिने माईक ओठांना टेकवला आणि “हं” म्हणाली. जाळी गार होती, बाकी काही नाही. तिने तो चिमीला दिला.

“शी, उष्टा,” चिमी म्हणाली. पण आज तिने तो पुसल्यासारखं केलं नाही. तिने माईक परत स्टँडवर बसवला आणि ताईचं मनगट घट्ट धरलं. “ताई, नाही आला आवाज तर?”

“तू फक्त कुजबुज. बाकीचं मी बघते.”

साहेबांचं भाषण लांबलं. ताई पडद्याच्या कडेला चिमीचा हात धरून उभी होती. भाषणाच्या मध्येच एकदा आवाज गेला, मिक्सरचे दिवे मिटले आणि पापणी लवावी तसे परत लागले. साहेब अडखळले, पुढे बोलू लागले. वीज डुलकली असेल, ताईला वाटलं. ती मिक्सरपाशी येऊन बसली. सगळे दिवे हिरवे होते. सगळं जागच्या जागी.

फक्त ते तळातलं घुं घुं थांबलं होतं.

साहेब रंगमंचावरून उतरताना तिच्याकडे बघून खुशीत हसले. ताईला हसू आलं नाही. इतकी स्वच्छ शांतता तिने उभ्या आयुष्यात कधी ऐकली नव्हती. धुतलेल्या काचेसारखी होती ती. उठून बघावं म्हणून तिने हात टेकला, तोच चिमी गाऊ लागली.

आणि ताई बसूनच राहिली. चिमीचा आवाज आला होता. आधी घोगरा, वाट चाचपत, मग सैल होत, उमलत. त्या निळ्या उजेडात तो रांगांवरून पसरत गेला आणि खोकणारी माणसं खोकायची थांबली. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. असं वाटत होतं की हे गाणं पूर्वीपासून चालूच होतं, आपण मध्येच कधीतरी जागे झालो.

दुसऱ्या कडव्याला चिमीच्या आवाजामागून आणखी एक आवाज येऊ लागला.

जागा घुमते, ताईने स्वतःला सांगितलं. पण घुमणारा आवाज मागून येतो, आणि हा हळूहळू बरोबरीने आला. मग थोडा पुढेच गेला. चिमीने शब्द उच्चारायच्या आधी तो तिथे पोचलेला असायचा, हात धरून नेल्यासारखा. पिकलेला, गोड, अतिशय दमलेला आवाज. तो फक्त उजव्या स्पीकरमधून येत होता. लोकांना वाटलं असावं, काहीतरी योजना आहे. ते मान डोलावत होते.

ताईने उजव्या अ‍ॅम्पकडे पाहिलं. आवाज येत असला की लुकलुकणारा त्याचा छोटा दिवा लागलेलाच नव्हता. तिने त्याचं बटण कमी केलं. मग शून्यावर आणलं. आवाज तसूभरही कमी झाला नाही.

“कोण आहे…?” ती पुटपुटली.

गाणं शेवटच्या कडव्याकडे येत होतं. शेवटच्या कडव्याला चिमी नेहमी माईक स्टँडवरून काढून दोन्ही हातांत घ्यायची आणि ओठांजवळ न्यायची. लहानपणापासूनची सवय. तो दुसरा आवाज आता तेच ते दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागला होता, अडल्यासारखा, काही सांगत असल्यासारखा, आणि पुढे सरकत नव्हता. उजव्या स्पीकरची वायरच उपटावी म्हणून ताई रॅकच्या मागे वाकली. तिथल्या अंधारात तिला भिंतीवरचा खिळा दिसला. खिळ्याला तिचा स्वतःचा काळा प्लग लटकत होता.

खाली सॉकेटमध्ये तो तपकिरी प्लग होता. तिच्या बोर्डाची वायर त्यात बसवलेली होती. तारा कुणा सराईत हाताने नीट पिळून, स्क्रूखाली घट्ट आवळून, एकही तार बाहेर न ठेवता.

तिचा हात रॅकच्या लोखंडापासून बोटभर अंतरावर थांबला. तिने खिशातला टेस्टर काढून टोक लोखंडाला लावलं. आतला दिवा नारिंगी, भगभगीत पेटला.

“चिमे!” ताई ओरडली. चिमीने माईककडे दोन्ही हात नेले होते. ओरडून ते थांबणार नव्हते, हे ताईला कळलं, आणि तिने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

दिवे मिटले, पंखे घरघरत थांबले. अ‍ॅम्प बंद केला तरी त्याच्या पोटात विजेचा एक घोट शिल्लक असतो, आणि त्यावर तो श्वासभर बोलतो. हे ताईला ठाऊक होतं. पण उजवा स्पीकर श्वासभर थांबला नाही. तेच दोन शब्द तो त्या काळोख्या निळाईत म्हणत राहिला, हळू, आणखी हळू. मग कुणीतरी अगदी जवळून दीर्घ श्वास आत घेतला आणि सगळं शांत झालं.

साहेब धावत आले. “मी नाही हो… मी हात पण लावला नाही!” प्लग बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते खरं बोलत होते. भाषण करता करता कोणी प्लग बसवत नाही.

ताईने विजेरी तोंडात धरून आपला प्लग पुन्हा बसवला. उजवा अ‍ॅम्प तिने वायर काढून बाजूलाच ठेवला. तो आज नको, डावा पुरेल. मेन स्विच अजून बंदच होता. ती रंगमंचावर गेली. चिमी माईकपाशी दोन्ही हात छातीशी धरून उभी होती, झोपेतून उठवल्यासारखी.

“ताई, मला पुरं करू दे ना,” ती म्हणाली. “फक्त एक कडवं राहिलंय…”

ताईने माईकला टेस्टर लावला. दिवा लागला नाही, लागणारच नव्हता. पण रिवाज तो रिवाज. तिने माईक ओठांना टेकवला आणि “हं” म्हणाली.

ओठांना झिणझिण्या आल्या. जोरात नव्हे. मुंग्यांची एक रांग ओठांवरून आत शिरावी, जिभेखालून घशात उतरावी, तशा. ताई दचकली. तिने मेन स्विचकडे पाहिलं. तो खालीच होता.

तिने माईक पुन्हा ओठांना लावला. आता काहीच नव्हतं. जाळी गार, मुकी. जे होतं ते येऊन गेलं होतं. तिने वीज चालू केली, पुन्हा टेस्टर लावला, पुन्हा ओठ लावले, आणि मगच माईक चिमीला दिला. चिमीने शेवटचं कडवं एकटीने, अगदी हळू, पुरं केलं. तळाशी ते दोऱ्याएवढं घुं घुं होतं. लोक उठून उभे राहिले. मावशी मागच्या दारात पदर तोंडावर धरून उभ्या होत्या.

घरी पोचल्या तेव्हा बाजूच्या घरातली मुलं अजून अंगणात खेळत होती. चिमीने दारातच चपला भिरकावल्या आणि गार फरशीवरून अनवाणी आत गेली, हसत, बोलत. आवाज परत आल्याचा आनंद तिच्या पायांत मावत नव्हता. ताई उंबऱ्यावर उभी राहिली. तिच्या पायांत कामावरच्या जाड रबरी सपाता होत्या. ओठ अजून झिणझिणत होते. नकळत तिने ते मिटले, आणि ते गाणं आतून आलं.

शेवटचं कडवं. स्वच्छ, पिकलेलं, गोड. एकही सूर इकडचा तिकडे नाही. ताईला आयुष्यात पहिल्यांदा गाता येत होतं.

आत चिमीची पावलं थांबली. “ताई…? कोण आलंय गं तुझ्याबरोबर?”

ताईने खिशातून टेस्टर काढला. त्याचं टोक आपल्या खालच्या ओठाला लावलं. अंगणातल्या अंधुक उजेडात तो छोटा नारिंगी दिवा शांतपणे पेटला.

काय करायचं ते तिला माहीत होतं. दुपारी साहेबांना तिनेच समजावलं होतं. सपाता काढायच्या आणि जमिनीवर पाय टेकायचा. वाट चुकलेलं सगळं आपोआप खाली उतरून जातं. तिने एक पाय सपातेतून काढला. अंगठा जमिनीच्या अगदी वर आला, गारवा लागू लागला.

“तू गातेयस?” चिमी दारात आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं. “अगं, थांबू नकोस ना…”

तिने ताईचा हात धरायला हात पुढे केला. ताई पटकन मागे सरली आणि तिने पाय परत सपातेत घातला.

चिमी अजून गाते. ताईची यंत्रं अजून तिच्यामागे असतात. ताई आता घरातही अनवाणी चालत नाही. कोणी विचारलं तर टाचा दुखतात म्हणते. ती चिमीला हात लावू देत नाही, आणि घरात एकटी असली की दारं लावून घेते. शेजारी सांगतात, आतून फार सुंदर गाणं येतं. माईकही ती आता उष्टा करत नाही. नुसता टेस्टर लावते, लांबून, आणि स्टँडवर ठेवून बाजूला होते.

तरी प्रत्येक वेळी चिमी तो तोंडाशी नेते आणि हसून पडद्याआड बघते. “शी, ताई,” ती म्हणते. “आजही उष्टा केलास ना? ओलसर लागतोय.”